गरीला लावलेला ऑक्टोपस : आमिषासाठी किंवा खाण्यासाठी माकूल-अष्टपाद पकडणे कितपत योग्य?

खडपावरचा
आजोळ देवगड तालुक्यात अगदी समुद्राला लागून असल्याने गरवण्याचा, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरण्याचा, नाद मला लहानपणापासून आहे. नोकरी पुण्यात असली तरी वर्षातून दोन-तीनदा तिकडे जाणे होते. गेल्या डिसेंबरात अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुकतीला (ओहोटीला) मामांबरोबर खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, गेलो होतो. खेकडे काढायच्या आकड्याने मामांनी एका कपारीतून ऑक्टोपस ओढायला घेतला. तो सहजासहजी आला नाही. तीन-चार मिनिटे कपारीला घट्ट धरून होता. बाहेर आल्यावर मामांनी आकडा माझ्या हाती दिला, तेव्हा त्याने दोन भुजा माझ्या मनगटाभोवती टाकल्या. त्या सोडवताना एकेक चोषक सुटल्याचा टप् टप् असा बारीक आवाज येत होता, आणि त्याच्या कातडीचा तपकिरी रंग माझ्या डोळ्यांदेखत पांढुरका होऊन पुन्हा गडद झाला. त्याला बादलीत टाकून वर लाकडी पाट ठेवला. दहा मिनिटांनी पाहतो तो पाट सरकलेला आणि बादली रिकामी. ओल्या कातळावरून सरपटत तो डबक्यापासून हातभर अंतरावर पोहोचला होता, तिथे मामांनी त्याला पुन्हा धरला. त्याच्या भुजांचे तुकडे गरीला लावले आणि तासाभरात दोन तांबोशा मिळाल्या. मी त्या चवीने खाल्ल्या, हेही सांगून टाकतो.

मासे मी खातो, माकूलही (स्क्विड) खातो, त्यामुळे साधुत्वाचा आव आणायचा नाही. पण जो जीव पाट सरकवून पाण्याची वाट शोधतो, त्याला खाण्यासाठीसुद्धा न मारता केवळ आमिष म्हणून मारावे का, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. ज्यांना या विषयाची माहिती आहे किंवा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भातुकली
शीर्षकात माकूल दिसले म्हणून पाककृती असेल या आशेने धागा उघडला. आता रात्रीचे जेवण जाईल असे वाटत नाही.

डाळभात
प्रश्नच मुळात उशिरा पडला आहे. बांगडा जाळ्यात तडफडतो तेव्हा त्याला काही होत नाही आणि ऑक्टोपसने पाट सरकवला की तुमचे मन द्रवते, हे मला पटत नाही. तुम्हाला त्या जिवाच्या वेदनेची दया आली नसून त्याच्या हुशारीचे कौतुक वाटले आहे. हुशार असेल त्यालाच जगू द्यायचे असा नियम माणसांना लावला, तर आपल्यापैकी कितीजण उरतील?

जीवशास्त्र_तास
डाळभात यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून निष्कर्ष मात्र उलटा निघतो. या प्राण्यांबद्दलची चर्चा अलीकडे हुशारीवरून वेदनेवरच येऊन ठेपली आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश त्याच्या आठ भुजांत असतात. केवळ चेतापेशी पुष्कळ आहेत म्हणून वेदना होतेच असे म्हणता येत नाही. इजा झाल्यावर अंग मागे घेणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोमधील प्रयोगात ऑक्टोपसच्या भुजेत सौम्य आम्ल टोचले आणि त्यांना एका ठरावीक कप्प्यात ठेवले. ज्या कप्प्यात त्रास झाला तो त्यांनी पुढे टाळला, त्यापूर्वी तो त्यांना आवडत असला तरीही. बधिर करणारे औषध दिल्यावर मात्र ज्या कप्प्यात आराम मिळाला तो त्यांनी पसंत केला. जागा लक्षात ठेवून तिच्याकडे पाठ फिरवणे हे प्रतिक्षिप्त क्रियेच्या पुढचे आहे.

माकुलांवरचा २०१४ सालचा प्रयोग मला याहून बोलका वाटतो. भुजेला किरकोळ जखम झालेली माकुले शिकारी मासा दुरून दिसताच अधिक लवकर सावध होत. जखम करताना ज्यांना बधिर केले होते, त्यांच्यात ही जादा सावधगिरी आली नाही आणि ती माशाच्या तोंडी जास्त प्रमाणात गेली. दुखण्याचा त्यांना उपयोग होता, असा याचा अर्थ.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या गटाने २०२१ मध्ये अशा तीनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, आणि त्याआधारे ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यात माकूल, ऑक्टोपस, खेकडे, शेवंड यांना संवेदनशील प्राणी मानले गेले. युरोपीय संघाने प्रयोगशाळांपुरते हे संरक्षण २०१० च्या निर्देशातच दिले होते. यांपैकी कशानेही मासेमारी बंद झालेली नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दांडेश्वर
मालवणात आमचे तीन पिढ्यांचे मासेमारीचे घर आहे, म्हणून लिहितो. रागाने लिहिले असे वाटल्यास क्षमा असावी.

मामांनी कपारीतून एक ऑक्टोपस काढला आणि त्यावर धागा निघाला. ट्रॉलरच्या खोळीत माकूल कसे मरते ते कोणी पाहिले आहे का? जाळे तीन तास ओढले जाते. वर खेचताना खालच्या मालावर वरच्या मालाचे वजन येते, आणि फळीवर रिकामे केल्यावर माकूल, बळे, राणीमासा, खेकडे सगळे एका ढिगात पडते. त्यातले माकूल अर्धमेले असते, शाई सोडत असते, आणि तसेच बर्फात जाते. निर्यातीच्या कंपनीला ते डाग नसलेले, पांढरे हवे असते. माझ्या आजोबांच्या काळी याच माकुलाला फारसा भाव नव्हता. शेजारी वाटून टाकायचे. आता भाव आहे म्हणून ते मुद्दाम शोधले जाते.

आणि शोधण्याची रीत ऐका. माकूल उजेडाकडे येते हे आम्हांला पूर्वीपासून ठाऊक होते. कंदील घेऊन गरवणारे लोक होतेच. त्याच कंदिलाच्या जागी आता जनरेटरवरचे हजारो वॉटचे एलईडी दिवे आले आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, तरीही रात्री आमच्या अंगणातून क्षितिजावर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. पाण्यात पिल्लू असो, मोठे असो, अंडी घालायला आलेले असो, उजेडाला सगळे सारखेच येते.

आमिषाविषयी विचारले आहे, म्हणून तेही सांगतो. गरीला माकूल लावतात ते त्याच्या चिवटपणामुळे. बांगड्याचा तुकडा बारीक मासे टोचून टोचून संपवतात, माकुलाची पट्टी मात्र तासभर टिकते आणि पांढरी असल्याने गढूळ पाण्यातही दिसते. त्यासाठी जिवंत माकूल लागत नाही. बंदरावर फाटलेले, विकले न जाणारे माकूल मिळते, आम्ही तेच वापरतो.

भातुकली
दांडेश्वरदादा, राग कुठे दिसला नाही. उलट, आजवर मी माकूल पांढरेशुभ्र पाहूनच घेत होते, आता ते पांढरे कोणासाठी आणि कसे होते ते कळले.

कलम_अकरा
कायद्याचा विषय निघाला आहे म्हणून थोडे लिहितो. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा बहुतेकांना कुत्री, बैल आणि घोडे यांच्यापुरता वाटतो. त्यातील व्याख्येनुसार मात्र मनुष्य वगळता कोणताही सजीव प्राणी हा ‘प्राणी’ ठरतो, म्हणजे ब्रिटनला जे २०२२ मध्ये वेगळे लिहावे लागले ते आपल्याकडे शब्दशः बासष्ट वर्षे आधीपासून आहे. माणसाच्या अन्नासाठी प्राणी मारण्यास अकराव्या कलमात सूट आहे. मात्र अनावश्यक वेदना दिल्यास ती सूट लागू होत नाही. आता आमिष हे ‘माणसाचे अन्न’ आहे की ‘अन्नाचे अन्न’ आहे, यावर दोन वकील दुपारभर सहज भांडतील. व्यवहारात माकुलासाठी गुन्हा नोंदवायला ठाण्यात गेलात, तर अंमलदार आधी तुम्हाला पाणी विचारेल.

पावसाळी_सिएटल
आमच्या शहरात हा वाद अगदी चव्हाट्यावर झाला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये पश्चिम सिएटलच्या किनाऱ्यावर एका तरुण पाणबुड्याने महाकाय प्रशांत ऑक्टोपस हातांनी पकडून वर आणला. त्याच्याकडे परवाना होता, त्यामुळे कायदा कुठेच मोडला नव्हता. पण ती जागा म्हणजे पाणबुडे ज्या ऑक्टोपसला भेटायला रोज जातात, तीच. प्रचंड संताप झाला. सुनावण्या झाल्या आणि २०१३ मध्ये प्युजेट साउंडमधील सात ठिकाणी ऑक्टोपस पकडण्यास बंदी आली. बाकी पाण्यात परवानगी राहिली. याच वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये ऑक्टोपसची शेती करण्यावरही बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी तेच केले.

मला यात एक गंमत वाटत आली आहे. ज्या ठिकाणी माणसांची आणि ऑक्टोपसची ओळख झाली होती, ती सात ठिकाणे वाचली. शेजारच्या खाडीतल्या ऑक्टोपसला पाहुणे येत नव्हते, म्हणून तो पकडायला मोकळा राहिला.

डाळभात
म्हणजे माझे पहिले म्हणणे सिएटलनेच सिद्ध केले. ओळख झाली की दया येते, आणि खडपावरचा यांची ओळख मनगटावर झाली.

प्रवाळ
नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे लक्षद्वीपला होतो. तिथे ऑक्टोपसला ‘अप्पल’ म्हणतात. ओहोटीला प्रवाळाच्या पठारावर बायका, मुले आणि म्हातारी माणसे लोखंडी सळई घेऊन निघतात, आणि मला दगडाशिवाय काही दिसत नसे तिथे त्यांना बीळ दिसे. पकडल्यावर तो लगेच दगडावर आपटून मारत आणि घरी कालवण करत. जितका लागे तितकाच पकडला जाई, असे म्हणून त्यांना देवत्व द्यायचे नाही. ज्या दिवशी जास्त मिळे त्या दिवशी जास्त आणत. पण सळई, दोन पाय आणि ओहोटीचे दोन तास एवढीच त्या शिकारीची ऐपत होती. दांडेश्वर यांनी सांगितलेल्या दिव्यांना अशी हद्द नसते, आणि माझ्या मते नीतीचा प्रश्न तिथे जास्त टोकदार आहे.

गिरगाव_चौपाटी
मारण्याच्या पद्धतीबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी हौशी गरवणारा आहे आणि जिगने, म्हणजे गळ लावलेल्या कृत्रिम आमिषाने, माकूल धरतो. माकूल हाती आल्यावर दोन डोळ्यांच्या मधोमध टोकदार सुळा घातला की धडाचा रंग झटकन उडतो. मग तोच सुळा डोक्याच्या बाजूला वळवला की डोके आणि भुजाही पांढऱ्या पडतात. रंगपेशींवरचा मेंदूचा ताबा सुटल्याची ती खूण आहे. हे दोन सेकंदांचे काम आहे. बादलीत टाकून गुदमरू देण्यापेक्षा किंवा जिवंतपणीच मुंडके उपटून साफ करण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मांसही चांगले राहते, त्यामुळे ज्यांना दया येत नाही त्यांनी चवीसाठी तरी करावे.

जीवशास्त्र_तास
माकुलासाठी ही पद्धत चांगली आहे. ऑक्टोपसच्या बाबतीत मेंदू मोडल्यावरही भुजा बराच वेळ हलत राहतात, कारण भुजांतील चेतापेशींचे जाळे स्वतंत्रपणे काम करू शकते. तोडलेली भुजासुद्धा टोचल्यावर मागे सरते. त्या भुजेला दुःख ‘कळते’ असा अर्थ यातून काढू नये, पण जिवंत ऑक्टोपसच्या भुजा कापून गरीला लावण्यापूर्वी डोळ्यांमधला वार आधी व्हायला हवा, एवढे यातून निश्चित कळते. खडपावरचा, तुमच्या मामांनी कोणते आधी केले?

खडपावरचा
प्रामाणिकपणे सांगायचे तर मी त्या वेळी तोंड फिरवले होते.

अबोली_वळेसर
गोव्याहून लिहिते. आमच्याकडे माकुलाला माणके म्हणतात आणि पर्यटकांच्या ताटात ते लसूण-लोण्यात न्हाऊन येते. नळासारखे लांबट ते एक, आणि ज्याच्या पाठीत समुद्रफेस असतो ते दुसरे. (लहानपणी पोपटाच्या पिंजऱ्यात टांगलेला तो पांढरा तुकडा कुठल्या प्राण्याचा आहे, हे मला विशीत कळले.)

या दुसऱ्या जातीच्या मासेमारीचा एक प्रकार सांगावासा वाटतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नारळाच्या रिकाम्या पेंडी (नारळ काढून घेतलेले घोस) आणि सुरूच्या फांद्या वजन बांधून समुद्रतळाशी सोडतात. या माकुलांना अंडी चिकटवायला आधार हवा असतो, म्हणून ती तिथे गोळा होतात, आणि मग गरीने एकेक उचलली जातात. मासे मोठे, अख्खे, निर्यातीला उत्तम मिळतात. पण जमलेली बहुतेक माकुले अंडी घालण्याच्या बेतात असतात, आणि ज्यांनी घातली त्यांची अंडी पेंडींबरोबर वर ओढली जातात. यावरून तिथल्या मच्छीमारांत मोठे तंटे झाले आहेत. माझ्या दृष्टीने खाटेवर बाळंतिणीला गाठण्यासारखेच हे आहे.

तिरफळ
अबोलीताई, उपमा जोरदार आहे, पण हे प्राणी जगतात जेमतेम वर्ष-दोन वर्षे आणि एकदाची अंडी घातली की मरतात. मरणारच आहे तो जीव ताटात आला तर बिघडले काय? गाय-म्हैस वीस वर्षे जगू शकते, तिला मारणे आणि याला मारणे एका तराजूत घालू नये.

जीवशास्त्र_तास
तिरफळ, अंडी घातल्यानंतर मरणे आणि घालण्यापूर्वी मरणे यांत पुढच्या वर्षीच्या सगळ्या माकुलांचा फरक आहे. आयुष्य एवढे आखूड असल्याने मागच्या पिढीचा साठा समुद्रात शिल्लक राहत नाही. एक हंगाम चुकला की भरपाई करायला कोणी नसते. याची दुसरी बाजू अशी की त्यांची वाढ झपाट्याने होते, त्यामुळे थोडी उसंतही पुरते. मादागास्करच्या आंदावादोआका गावाने २००४ मध्ये ऑक्टोपसची एक जागा काही महिने स्वतःहून बंद ठेवली. उघडल्यावर मिळालेले ऑक्टोपस पाहून शेजारच्या गावांनीही तोच मार्ग धरला.

ऑक्टोपसच्या मादीबद्दल थोडे अधिक. ती कपारीच्या छताला अंड्यांच्या माळा चिकटवते, बारीक तांदळाच्या कण्या दोऱ्यात ओवल्यासारख्या. मग पिल्ले बाहेर पडेपर्यंत तिथून हलत नाही, खात नाही, अंड्यांवर पाणी फुंकत राहते, आणि त्यानंतर मरते. त्यामुळे आकडा लागला तरी जी कपार सोडत नाही, ती पुष्कळदा अंड्यांवरची मादी असते. खडपात सर्वांत सोपी शिकारही तीच, कारण ती पळून जात नाही.

खडपावरचा
हे वाचून काल रात्री झोप नीट लागली नाही. आकडा बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला पांढरट, दोऱ्यासारखे काही लोंबत होते. मी ते शेवाळ समजून पाण्यात खळबळून काढले. ते काय होते हे आता ठरवता येणार नाही, पण ज्या ताकदीने तो जीव तीन-चार मिनिटे कपारीला धरून होता ते मात्र आठवते आहे. मी सगळ्यांना ‘तो’ म्हणून सांगत आलो.

डाळभात
सुरुवातीला मी टोमणा मारला होता, तो मागे घेतो. मत मागे घेत नाही.

दांडेश्वर
मन खाऊ नका. आमच्याकडे अंड्यांवरची चिंबोरी जाळ्यात आली तर काही जण पाण्यात सोडतात, काही जण सोडत नाहीत. ज्याच्या घरी त्या दिवशी काही नसेल त्याला मी विचारायला जात नाही. तुमच्या घरी मात्र पुण्यात फ्रिज आहे, तेव्हा तुम्ही सोडायला हरकत नाही.

भातुकली
मूळ प्रश्नाकडे यायचे तर मग गरीला लावायचे काय? प्लॅस्टिकचे जिग?

गिरगाव_चौपाटी
प्लॅस्टिकचे जिग खडकात अडकून तुटते आणि तिथेच राहते, त्यामुळे खडपात तेही धुतल्या तांदळासारखे नाही. दांडेश्वर म्हणतात तसे बंदरावरचे फाटके माकूल खारवून डब्यात ठेवावे. मिठाने ते आणखी चिवट होते आणि दोन-तीन फेऱ्यांना पुरते.

खडपावरचा
मामांना फोनवर सगळे वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “फाटके माकूल लाव, माझे काही म्हणणे नाही. पण तांबोशी लागली नाही तर संध्याकाळी माझ्यापुढे तोंड पाडून बसायचे नाही.” नंतर स्वतःच विचारले, की आत मादी आहे हे बाहेरून ओळखायचे कसे? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. जीवशास्त्र_तास, तुम्ही सांगू शकाल का?

जीवशास्त्र_तास
मामांना माझा नमस्कार सांगा. ऑक्टोपस खाऊन झालेले शिंपले आणि खेकड्यांची कवचे बिळाच्या तोंडाशी टाकतो. ती ताजी असतील, आतून चकचकीत असतील, तर आतला प्राणी खातो-पितो आहे. दाराशी ताजे उष्टे नसेल, आणि आतून दगड-शिंपले लावून तोंड बुजवत आणलेले असेल, तर आकडा घालू नये. नेहमी अचूक ठरेल असे नाही, पण बहुतेकदा कळते.

खडपावरचा
पुढच्या अमावास्येला जाणार आहे. मामा म्हणाले आहेत की आकडा घरीच राहील, पण बिळे बघायला ते बरोबर येतील. काय दिसले ते इथे लिहीन.

दांडेश्वर
जरूर लिहा. मी आत्ता अंगणात बसून हे टंकतो आहे. रात्रीचे साडेदहा झाले आहेत. समोर दिवे मोजले, सतरा आहेत.